‘द व्हेंचर ब्रदर्स’: मोठ्या बापाच्या भंगाराची गोष्ट

भोसरी एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दोन जुन्या लेथवर सुरू केलेली. तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मिलिंग मशीनच्या पॅनेलवर एक लाल दिवा आहे. त्याच्याखालची नावाची पट्टी केव्हाच गळून पडली. हा दिवा अधूनमधून पेटतो. कशासाठी पेटतो ते अण्णांना माहीत होतं. अण्णा २००९ साली गेले आणि दिव्याचा अर्थही बरोबर घेऊन गेले. आमचे फिटर, ज्यांना अख्खी गल्ली मामा म्हणते, दिवा पेटला की मशीनला हात लावून तो कपाळाला लावतात, “दादा, अण्णा असते तर कळलं असतं,” म्हणतात आणि काम चालू ठेवतात.

आता ‘द व्हेंचर ब्रदर्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा दुसराच भाग बघा. अंतराळात एक भलंमोठं स्थानक तरंगतंय, नायकाच्या दिवंगत बापाने बांधलेलं. तिथल्या पॅनेलवर एक दिवा पेटतो. त्यावर एकच शब्द लिहिलाय: ‘प्रॉब्लेम’. कसला प्रॉब्लेम, कुठे, काही पत्ता नाही. मग पृथ्वीवरून पोराला बोलावणं जातं, कारण बापाने बांधलंय म्हटल्यावर पोराला कळणारच! पोराला ओ की ठो कळत नसतं. मी तो भाग पाहिला, टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. हसून हसून पोट दुखत होतं आणि शिवाय दुसरंही काहीतरी दुखत होतं.

ही मालिका माझ्यापर्यंत पोचली भाच्यामुळे. तो शिकायला ओहायोला होता. २०१२ साली सुट्टीत आला तेव्हा पहिल्या चार सीझनच्या डीव्हीडी घेऊन आला. “मामा, हे तुझ्यासाठी आहे, बघ तू,” एवढंच म्हणाला. आमच्याकडे तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा चांगला महागातला प्लेअर होता. त्यात डिस्क घातली की तो ‘रीजन’ असं काहीतरी दाखवून डिस्क बाहेर ढकलायचा. अमेरिकेच्या डीव्हीडी १ नंबरच्या रीजनच्या, आपल्या ५ नंबरच्या. म्हणजे चित्रपट बनवणाऱ्यांनी जगाचे वाटे घातलेत आणि आपला वाटा वेगळा. शेवटी शेडमधल्या एका पोराने त्याच्या घरचा प्लेअर आणून दिला, बाराशे रुपयांचा, कुठल्या कंपनीचा ते त्या कंपनीलाही माहीत नसावं. त्याने एकही प्रश्न न विचारता डिस्क गिळली. पुढची सगळी वर्षं आम्ही त्याच्यावरच काढली.

मालिका कशावर आहे ते आधी सांगतो, कारण ‘सुपरहिरोंची टिंगल’ एवढंच सांगितलं तर गैरसमज व्हायचा. १९६४ साली अमेरिकेत ‘जॉनी क्वेस्ट’ नावाचं कार्टून आलं. शास्त्रज्ञ बाप, त्याचा शूर मुलगा, एक दणकट अंगरक्षक, कुत्रा आणि सोबतीला हाजी नावाचा कलकत्त्याचा अनाथ मुलगा. एकच सीझन, २६ भाग, पण नाव झालं. मी ते पाहिलं कार्टून नेटवर्कवर. १९९५ साली ते चॅनेल भारतात आलं तेव्हा मी अकरावीत होतो, म्हणजे कार्टून बघायचं वय उलटून गेलेलं, त्यामुळे आवाज कमी करून बघायचो. रात्री नऊला कार्टून संपून त्याच जागी टीएनटी या चॅनेलचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे आणि अण्णा घरी यायचे, दोन्ही साधारण एकाच वेळी. त्या हाजीच्या डोक्याला फेटा असायचा आणि तो मंत्र म्हणून चमत्कार करायचा. माझे मोठे काका कलकत्त्याला बरीच वर्षं नोकरीला होते. असा मुलगा त्यांना कुठल्याही ट्रामस्टॉपवर भेटला नव्हता.

आता असं समजा, तो शूर मुलगा मोठा झाला. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा. टक्कल पडलं. जगप्रसिद्ध बाप वारला. मागे राहिलं एक प्रचंड आवार, शेकडो अर्धवट यंत्रं, आटत चाललेला पैसा आणि लहानपणी पन्नास वेळा अपहरण झाल्यामुळे गोळ्या खाऊन झोपणारा एक माणूस. तो डॉ. थॅडियस व्हेंचर, घरचं नाव रस्टी. त्याची जुळी मुलं हँक आणि डीन, दोघंही साठच्या दशकातल्या बालकथांतून थेट उचलून आणल्यासारखी भाबडी. आणि अंगरक्षक ब्रॉक सॅमसन, सरकारी मारेकरी, बंदुकीला नाक मुरडणारा, चाकूवर भागवणारा, १९६९ची डॉज चार्जर जिवापाड जपणारा. आपल्याकडे फुरसुंगीचा तो सायकलवाला पोरगा होता ना, किशोरवयात सगळ्यांनी वाचलेला? तो पंचेचाळीसचा होऊन, गुडघ्याला पट्टा बांधून, एखाद्या पतसंस्थेच्या पायऱ्या चढताना डोळ्यांसमोर आणा. मालिका साधारण तिथून सुरू होते.

पहिल्या सीझनमध्ये एक भाग आहे, रस्टी घरच्या अंगणात सेल लावतो. बापाची आणि स्वतःची जुनी यंत्रं, किरणांच्या बंदुका, कशाची तरी शिरस्त्राणं, सगळं टेबलांवर मांडतो, किमतीच्या चिठ्ठ्या लावतो. गिऱ्हाईक कोण, तर जगभरातले खलनायक आणि नायक. तेवढ्यापुरता तह, हत्यारं दाराबाहेर. लोक वस्तू उचलतात, उलटसुलट बघतात, खाली ठेवतात, घासाघीस करतात. त्याचा कट्टर शत्रू आलेला असतो आणि त्याला नेमकी बाथरूमला जायची निकड लागते. जगबुडी करायला निघालेला माणूस ‘जरा बाथरूम वापरू का’ म्हणून दारात उभा! असल्या जागी ही मालिका भन्नाट जमते. विनोद लेसर-बंदुकीत नसतो. तो असतो त्या किमतीच्या चिठ्ठीत.

मीही तसला सेल लावलाय. अण्णा गेल्यावर वर्षभराने शेडच्या मागच्या भिंतीशी रचलेली जुनी फिक्स्चर्स आणि जिग, म्हणजे मशीनवर एकेक पार्ट पकडून ठेवायची लोखंडी साधनं, मी भंगारवाल्याला दिली, किलोला एकवीस रुपयांनी. एकेकावर अण्णांच्या हाताने पंचने ठोकलेला नंबर होता. वजनकाटा ट्रॅक्टरच्या बाजूला ठेवला होता आणि मामा एकेक नग उचलून देताना तोंडाने नंबर पुटपुटत होते. मी म्हटलं, मामा, वजन मोजतोय आपण, नग नाही. ते काही थांबले नाहीत. दीड वर्षाने एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, अमुक पार्टची परत ऑर्डर आहे, अण्णांनी फिक्स्चर करून ठेवलं असेल ना? ठेवलं होतं. अमोनिया प्रिंटवरचं ड्रॉइंग निघालं, पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या, पण लोखंड गेलं होतं वितळायला. ते फिक्स्चर मी नव्याने बनवलं. अण्णांच्याइतकं घट्ट बसत नाही. त्यामुळे रस्टी त्या टेबलामागे कपाळावर आठ्या घालून बसतो तेव्हा बाकी प्रेक्षकांपेक्षा मला जरा जास्तच दिसतं.

बरं, त्याचा बाप चांगला होता का? हे मालिका हळूहळू, पाच-सहा सीझन घेऊन उघड करत जाते. टीव्हीवर, मासिकांत, फोटोत डॉ. जोनस व्हेंचर म्हणजे देवमाणूस. मागे वळून पाहिलेल्या प्रसंगांत मात्र पोराला गिधाडांपुढे टाकून पार्टी करणारा, स्वतःवर फिदा असलेला माणूस. (आमच्या अण्णांचं तसं काही नव्हतं. ते फक्त बोलायचे नाहीत.) आणि रस्टी तरी काय मोठा बिचारा? पहिल्याच सीझनमध्ये त्याने मनातली इच्छा पुरी करणारं एक यंत्र बनवलेलं असतं, ते चालतं एका अनाथ मुलाच्या हृदयावर. शेजारी राहणारा मांत्रिक डॉ. ऑर्फियस हादरून जाब विचारतो, तर रस्टीला त्यात विशेष काही वाटत नाही, अख्खा मुलगा थोडाच वापरलाय, हा त्याचा सूर. ज्याची कीव येते त्याचाच पुढच्या क्षणी संताप येतो. जेम्स अर्बॅनिआकने त्याला दिलेला आवाज, चिडका, नाकातला, सतत थकलेला, निम्मं काम तिथेच करून टाकतो.

आणि खलनायक! त्यांची संघटना आहे, ‘गिल्ड ऑफ कॅलॅमिटस इंटेंट’. आपण मराठीत ‘अनर्थ मंडळ’ म्हणू. कोणी कोणाचा शत्रू व्हायचं हे मंडळ ठरवतं. अर्ज करावा लागतो, हक्क मिळतो, तो काढूनही घेतला जातो. नायक किती दमाचा, खलनायक किती दमाचा, त्यानुसार श्रेण्या. कमी दमाच्या शास्त्रज्ञावर मोठ्या श्रेणीच्या खलनायकाने चाल करून जायचं नाही, नियमात बसत नाही. पहिल्यांदा मी हे बघत होतो तेव्हा नेमका फॅक्टरी लायसन्सच्या नूतनीकरणाचा महिना होता. फाइल मांडीवर आणि समोर हे. खलनायकाला सुद्धा शिक्का लागतो म्हटल्यावर जिवाला फार बरं वाटलं.

रस्टीचा शत्रू म्हणजे ‘द मोनार्क’. मोनार्क फुलपाखराचा वेश, पाठीला नारिंगी पंख, उडत्या कोशात राहतो, सारखा ओरडतो. रस्टीचा एवढा द्वेष का, याचं धड कारण त्यालाही सांगता येत नाही. रस्टीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, हे त्याचं खरं दुःख. त्याची बायको, आधी ‘डॉ. गर्लफ्रेंड’ आणि लग्नानंतर ‘डॉ. मिसेस द मोनार्क’, अक्कल तिच्याकडे. तिचा आवाज एखाद्या ट्रक ड्रायव्हरसारखा जाडाभरडा, तो दिलाय मालिकेच्या दोन लेखकांपैकी एकाने, डॉक हॅमरने. सुरुवातीला हा एकाच ठोक्याचा विनोद वाटतो, आणि आहेही. पण हे जोडपं अख्ख्या मालिकेत सगळ्यांत सुखी आहे. भांडतात, रुसतात, पण बसून बोलतात. माझी बायको कार्टून म्हटलं की उठून जाते, ती या दोघांच्या प्रसंगांना मात्र कणीक मळायचं थांबवून बाहेर येते. एकदा म्हणाली, “अहो, ते फुलपाखरू बघा बायकोशी किती नीट बोलतं. शिका जरा.” यावर मी काय बोलणार.

मला सगळ्यांत जवळचे वाटले मात्र मोनार्कचे दोन चाकर, २१ आणि २४. नावं नाहीत, नंबर. पिवळ्या-काळ्या फुलपाखराच्या वेशात उभे राहून पहारा द्यायचा आणि ब्रॉक आला की मरायचं, हे काम. ते सोडून ही दोघं वाद घालतात की स्मर्फ, म्हणजे कार्टूनमधली ती निळी बुटकी मंडळी, अंडी घालतात की सस्तन असतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या शेडमध्ये जे वाद होतात त्यांची पातळी नेमकी हीच असते. मागे तीन दिवस चाललं होतं की पाल पडली तर ती चुकून पडते की मुद्दाम. तर तिसऱ्या सीझनच्या शेवटी, हा भाग २००८चा, २४ मरतो. पुढे काय होतं ते सांगून टाकतोय, पण सांगितल्याशिवाय या मालिकेचं मोठेपण कळायचं नाही. नंबरी चाकर मरणं हा असल्या कथांतला सगळ्यांत स्वस्त प्रकार, कोणी मोजतसुद्धा नाही. इथे मोजतात. २१ त्याच्या मित्राची कवटी जवळ ठेवतो, तिच्याशी बोलतो, व्यायाम करून अंग कमावतो, चेष्टा करायचं विसरतो. पुढचा अख्खा सीझन तो त्या धक्क्यातून बाहेर येत असतो. कार्टूनमधला एक जाडा चाकर, आणि मी त्याच्यासाठी हळहळतोय.

चौथ्या सीझनमध्ये एक भाग आहे, एकेकाळच्या धाडसी बालवीरांच्या सामूहिक उपचाराचा. गोल करून खुर्च्या मांडल्यात आणि त्यावर चाळिशीतले कोसळलेले पुरुष. त्यात जॉनी क्वेस्टच आहे, फक्त इथे त्याला ‘अ‍ॅक्शन जॉनी’ म्हणतात. एका सुपरहिरोचा मोठा झालेला छोटा जोडीदारही आहे. प्रत्येकाचं रडगाणं एकच: लहानपणी जग वाचवलं, आता दूधवाल्याचं बिल वाचवता येत नाही. आणि मग उपचार करणारा डॉक्टरच सर्पदंशाने मरतो. अर्ध्या मिनिटात सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेज! गुन्हा! तपास! एवढ्या वर्षांत त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पहिल्या क्रमांकाचा भाग कोणता विचाराल तर मी डोळे मिटून हा सांगेन.

दोष आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. ब्रॉकच्या जागी काही काळ सार्जंट हेट्रेड नावाचा अंगरक्षक येतो, लहान मुलांबद्दल विकृत ओढ असलेला आणि त्यावर औषधोपचार चालू असलेला. त्याच्यावरचे विनोद मला पहिल्यांदाही रुचले नाहीत, परत बघतानाही रुचले नाहीत. मी ते भाग पुढे ढकलतो. बायकांच्या भूमिका पहिल्या काही सीझनमध्ये औषधालाही नाहीत, ती एक डॉक्टरीणबाई सोडली तर. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन-इंग्लिश गाण्यांचे, गायकांचे, खेळण्यांचे इतके संदर्भ येतात की माझ्यासारख्याचे दहातले चार तरी डोक्यावरून जातात. गिल्डचा सर्वेसर्वा डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकासारखा का दिसतो याच्यावर भाच्याने मला फोनवर पाऊण तास व्याख्यान दिलं. आणि शेवटी शेवटी कोण कोणाचा कोण, कोण मेला, कोणाची प्रत कोण, याचा इतका गुंता होतो की वहीत लिहून ठेवावं लागतं. प्रत म्हणतोय ते उगाच नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी दोन्ही मुलं मरतात, खरोखर मरतात, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला कळतं की ही पहिलीच वेळ नव्हती. बापाने तळघरात त्यांच्या प्रतिकृती वाढवून ठेवल्या आहेत, चौदा वेळा मेलीत पोरं! सुट्या भागांचा स्टॉक ठेवावा तसा. कारखानदार म्हणून मला त्याची पद्धत कळली, बाप म्हणून घशात अडकली.

आणखी एक. मालिका फार सावकाश आली. २००३ साली एक नमुना-भाग, २००४ साली पहिला सीझन, मग २००६, २००८, २००९-१०, आणि तिथून पुढे २०१३, २०१६, २०१८. चौदा वर्षांत सात सीझन. याचं कारण मला उगाच आवडतं: लिहिणारे दोनच. क्रिस्टोफर मॅककलक, जो जॅक्सन पब्लिक या नावाने लिहितो, आणि हॅमर. त्यांच्याखेरीज दुसऱ्याने लिहिलेले भाग बोटांवर मोजण्याइतके. मोनार्क आणि हँक यांचा आवाजही मॅककलकचाच. दोन माणसांचं वर्कशॉप, डिलिव्हरी उशिरा, पण माल स्वतःच्या हाताखालून गेलेला. ज्यांनी कधी ‘साहेब, पुढच्या सोमवारी नक्की’ म्हणून फोन ठेवलाय त्यांना राग यायचा नाही.

आठवा सीझन लिहायला घेतला होता तेव्हा, २०२०च्या सप्टेंबरमध्ये, मालिका बंद झाल्याची बातमी आली. लॉकडाऊननंतर शेड नुकती अर्ध्या माणसांवर सुरू झाली होती. भाच्याने तो निरोप पाठवला, मी ‘बरं’ एवढंच लिहिलं. शेवट मग २०२३च्या जुलैमध्ये सिनेमाच्या रूपाने आला, दीड तासाच्या आतबाहेर. त्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते सांगताना श्वास लागतो. एका अख्ख्या सीझनचा ऐवज त्यात कोंबलाय, हे जागोजागी जाणवतं. मध्येच लोक नुसते भराभर चालताना दिसतात, जणू ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी आहे. पण मुलांच्या आईचं काय, रस्टी आणि मोनार्क यांचं नक्की काय, ही वीस वर्षांची देणी चुकती केली आहेत. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

बघायचीच असेल तर पहिल्या चार-पाच भागांवरून निकाल देऊ नका. त्यांतलं चित्रकाम खडबडीत आहे आणि विनोद अजून टिंगलीपुरताच आहे. दिव्याचा भाग, सेलचा भाग, मग दुसऱ्या सीझनपासून सलग. आणि चित्रं रंगीत आहेत म्हणून पोरांसमोर लावू नका. शेजारच्या वहिनी एकदा त्यांच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना ‘काकांकडे कार्टून लागलंय’ म्हणून सोडून गेल्या होत्या. नेमका ब्रॉक एकाला चाकूने उभा चिरत होता. मी रिमोट शोधेपर्यंत चिरंजीवांचं बघून झालं होतं.

पहिला सीझन सध्या माझ्याकडे नाही. दिव्याची गोष्ट जेवताना मामांना सांगितली, तर ते डबा बंद करत म्हणाले, “दादा, मग शेवटी काय निघालं त्यांच्या दिव्यात?” मी सांगितलं नाही. त्यांच्या धाकट्याला इंग्रजी कळतं, म्हणून डिस्क घेऊन गेलेत. परत आल्या की कोणाला हव्या असतील तर देईन. प्लेअर मात्र तुमचा तुम्ही बघा.